हैदराबादचे रहीमसाहेब

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राजेश्वर, हुमनाबाद, बसवकल्याण या गावांची राजधानी तेव्हा हैदराबादच. त्याच शहरात १७ ऑगस्ट १९०९ रोजी सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. भारतीय फुटबॉलचे सर्वांत मोठे प्रशिक्षक म्हणून आज आपण त्यांना ओळखतो.

रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते विद्यापीठाच्या संघातून खेळत. पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला. त्यांची शिकवण्याची रीत मास्तरांचीच होती. कच्च्या पायानेच चेंडू मारायचा, अशा अटीवर ते मुलांच्या स्पर्धा घेत. चेंडू स्वतःजवळ धरून न ठेवता लगेच साथीदाराकडे द्यायचा, हा त्यांचा दुसरा धडा. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला.

१९५१ च्या दिल्लीतील आशियाई खेळांत त्यांच्या भारतीय संघाने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून १-१० असे हरले. रहीमसाहेब खचले नाहीत. खेळाडू बूट घालू लागले, खेळाची आखणी बदलली. १९५६ च्या अखेरीस, आपला जिल्हा नव्या राज्यात जाऊन जेमतेम महिना झाला असताना, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

शेवटची कसोटी १९६२ ची, जकार्ताची. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, म्हणून तिथले प्रेक्षक आपल्या संघावर चिडले होते. पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून हरला होता. बचाव सांभाळणाऱ्या जर्नेल सिंगांच्या डोक्याला टाके पडले होते, तरी रहीमसाहेबांनी त्यांना पुढच्या फळीत उतरवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात त्याच कोरियाला भारताने २-१ ने हरवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले.

त्यानंतर वर्षही सरले नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. आशियाई खेळांतले फुटबॉलचे सुवर्ण आजतागायत भारताला पुन्हा मिळालेले नाही.

त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते आणि पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी आपल्या शेजारच्या कलबुर्गीत अखेरचा श्वास घेतला. रहीमसाहेबांच्या जीवनावरचा 'मैदान' हा चित्रपट २०२४ मध्ये आला. घरातल्या मुलांबरोबर तो जरूर पाहावा, आणि हे मास्तर आपल्याच जुन्या राज्यातले होते, हे त्यांना आवर्जून सांगावे.