रिकाम्या फोल्डरांमागचा माणूस : डेनिस रिची

कुंभमेळ्याआधी आमच्या नाशिकच्या तपोवनात साधुग्राम उभं राहतं. आधी रस्ते आखतात, सेक्टर पाडतात, पाण्याच्या आणि विजेच्या लाइन टाकतात. आखाडे, साधू, गर्दी हे सगळं नंतर. सोर्स कोडपासून स्वतःची लिनक्स सिस्टिम बांधतानाही अगदी असंच असतं.

'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे मोफत पुस्तक वापरून मी घरच्या लॅपटॉपवर अशी सिस्टिम बांधली आहे. पहिला प्रोग्राम कंपाइल करण्याआधीच पुस्तक आपल्याला रिकाम्या पार्टिशनवर फोल्डर करायला लावतं : /ईटीसी, /वार, /यूएसआर आणि त्याच्या आत बिन, लिब, एसबिन. थोडं पुढे गेल्यावर /डेव्ह, /प्रॉक, /सिस, /रन. सगळे रिकामे! मग प्रश्न पडतो, ही नावं आली कुठून? त्याचं उत्तर शोधायचं तर डेनिस रिची या माणसाची गोष्ट वाचावी लागते.

फिजिक्सकडून कॉम्प्युटरकडे

डेनिसचा जन्म 9 सप्टेंबर 1941 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये टेलिफोन स्विचिंगवर काम करायचे. डेनिसने हार्वर्डमधून फिजिक्सची पदवी घेतली आणि मग गणिताकडे वळला. पीएचडीचं कामही पूर्ण केलं, पण पदवी मात्र घेतली नाही. 1967 मध्ये तो वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये रुजू झाला.

तिथे तेव्हा एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिकबरोबर 'मल्टिक्स' नावाची मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनत होती. काम लांबत गेलं आणि 1969 मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. डेनिस आणि त्याचा सहकारी केन थॉम्प्सन यांच्या हातातली चांगली सिस्टिम गेली. नवी मशीन घ्यायला कंपनी पैसे देईना. शेवटी फारशी वापरात नसलेली एक छोटी पीडीपी-7 मशीन मिळाली, आणि तिच्यावर युनिक्सचा जन्म झाला.

फोल्डर एकदाच करायचे!

थॉम्प्सन, रिची आणि रुड कॅनडे यांनी 1969 मध्ये फळ्यावर फाइल सिस्टिमचा आराखडा मांडला. त्यातला बहुतेक भाग थॉम्प्सनचा होता. डेनिसची त्यात एक महत्त्वाची भर होती, ती म्हणजे डिव्हाइस फाइल.

आता गंमत बघा. त्या पीडीपी-7 वरच्या युनिक्समध्ये सिस्टिम चालू असताना नवा फोल्डर करताच येत नव्हता. कागदी टेपवरून अख्खी फाइल सिस्टिम नव्याने भरायची, तेव्हाच काय ते फोल्डर ठरायचे. म्हणजे आज लिनक्स बांधताना आपण जी पायरी पहिल्या काही मिनिटांत उरकतो, तिच्यात त्यांना चूक परवडणारी नव्हती. आज आपण व्हॉट्सॲपचे फोटो ठेवायला दोन सेकंदात फोल्डर करतो, तीसुद्धा तेव्हा चैन होती.

/डेव्ह : डेनिसची कल्पना

डिव्हाइस फाइल म्हणजे काय? कीबोर्ड, प्रिंटर, डिस्क ही सगळी उपकरणं फाइलसारखीच दिसली पाहिजेत. फाइल कशी उघडतो, वाचतो, लिहितो, बंद करतो, तसंच उपकरणाचंही करायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक उपकरणासाठी वेगळी पद्धत शिकायची गरज नाही. या फाइल जिथे राहतात तो फोल्डर म्हणजे /डेव्ह. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, त्यामुळे त्यातही /डेव्ह आहे.

/यूएसआर : डिस्क भरली म्हणून!

पुढे पीडीपी-11 मशीन आली आणि 1971 च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये /बिन, /डेव्ह, /ईटीसी, /टेम्प, /यूएसआर ही नावं दिसू लागली. यातलं /यूएसआर म्हणजे सरळ 'यूजर'. लोकांचे घरचे फोल्डर त्यात असायचे. डेनिसचा होता /यूएसआर/डीएमआर, म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरं.

पण मुख्य डिस्क फार लहान होती. ती भरली, तेव्हा जादा प्रोग्राम यूजर लोकांच्या दुसऱ्या डिस्कवर सरकवले. घरात जागा पुरेना म्हणून कोठीतली पिंपं पाहुण्यांच्या खोलीत ठेवावीत, तसं. नंतर यूजर मंडळी /होममध्ये राहायला गेली, पिंपं मात्र तिथेच राहिली. आज 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'मध्ये /बिन ही /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी नुसती लिंक असते.

मला यातली ही गोष्ट मोलाची वाटते. /डेव्ह विचार करून आलं, /यूएसआर अडचणीतून आलं. रिकामे फोल्डर करताना दोन्ही सारखेच दिसतात. यातलं कुठलं का आहे हे कळलं की पाठांतर संपतं आणि समजणं सुरू होतं.

शेवटपर्यंत पडद्यामागे

डेनिसने 1972 च्या सुमारास सी भाषा घडवली. 1973 मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये पुन्हा लिहिला गेला आणि मग युनिक्स एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेणं सोपं झालं. ब्रायन कर्निगनबरोबरचं त्याचं सीचं पुस्तक 1978 मध्ये आलं. इंजिनिअरिंगला असाल तर ते तुमच्या लायब्ररीत नक्की सापडेल. 1983 मध्ये थॉम्प्सन आणि त्याला मिळून ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

2007 मध्ये तो निवृत्त झाला. एकटाच राहायचा. 12 ऑक्टोबर 2011 रोजी न्यू जर्सीतल्या घरी तो मृतावस्थेत आढळला. वय 70. आठवडाभर आधी, 5 ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्स गेला होता आणि जगभर त्याचीच चर्चा होती. डेनिसची बातमी फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचली. खरं तर आयफोनची सिस्टिमही युनिक्सच्याच घराण्यातली.

आता एक करून बघा. फोनवर 'टर्मक्स' ॲप टाका, उघडा, 'सीडी' लिहून स्पेस आणि दोन टिंबं देऊन एक पायरी वर जा आणि 'एलएस' कमांड द्या. 'होम' आणि 'यूएसआर' शेजारी शेजारी दिसतील. डिस्क भरल्यामुळे वेगळी झालेली ही दोन नावं पन्नासहून जास्त वर्षांनी तुमच्या खिशात आहेत.