जबलपूरच्या पावसात कंटाळलेल्या १९ वर्षांच्या पोराने स्नूकर शोधला, पण श्रेय मिळायला वयाची ८२ वर्षं जावी लागली

मे महिन्यातलं यवतमाळ. दुपारी पारा ४४ च्या पुढे सरकला की रस्ते ओस पडतात. कूलर सुरू, खिडक्यांना पडदे आणि घरात मधोमध कॅरम. आजोबा, काका, ताई, शेजारचा बंट्या सगळे खाली मांडी घालून बसलेले. काळी १०, पांढरी २०, क्वीन ५०. हा हिशोब घराघरात बदलतो, पण एक नियम कुठेच बदलत नाही. क्वीन घेतली की कव्हर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर क्वीन परत मध्ये.

आता विचार करा, हा एक नियम काढून टाकला तर काय होईल? ज्याचा नेम चांगला तो दर वेळी जिंकेल आणि बाकीचे दोन दिवसांत कॅरम भिंतीला टेकवून ठेवतील. कव्हरच्या नियमामुळे नेमासोबत डोकंही चालवावं लागतं.

पॉइंटचा हाच खेळ दीडशे वर्षांपूर्वी एका १९ वर्षांच्या पोराने बिलियर्ड्सच्या टेबलवर केला आणि त्यातून स्नूकर जन्माला आला. तेही लंडनमध्ये नाही, तर आपल्या शेजारच्या जबलपूरमध्ये. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यावरून उत्तरेला जाणारा हायवे धरला की नागपूर, सिवनी करत थेट जबलपूर लागतं. १८१७ पर्यंत हे जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. सीताबर्डीच्या लढाईनंतर ते इंग्रजांकडे गेलं आणि तिथे छावणी उभी राहिली.

त्या पोराचं नाव होतं नेव्हिल चेंबरलेन.

थांबा, गोंधळ करू नका. हिटलरशी म्युनिकचा करार करणारा ब्रिटनचा पंतप्रधान तो हा नव्हे. तो वेगळा आणि या दोघांचं काही नातंही नाही. आपला चेंबरलेन म्हणजे नेव्हिल फ्रान्सिस फिट्झगेराल्ड चेंबरलेन. जन्म १३ जानेवारी १८५६, इंग्लंडमधला. वडील हिंदुस्थानातल्या फौजेत अधिकारी. सख्खा काका तर पुढे फील्ड मार्शल झालेला आणि त्याचंही नाव नेव्हिल चेंबरलेनच. म्हणजे एकाच नावाची तीन मोठी माणसं. हा नावाचा घोळ पुढेही लक्षात ठेवा.

घरात सगळेच सैन्यात म्हटल्यावर पोरगाही सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजमधून बाहेर पडला. १८७३ मध्ये डेव्हनशायर रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि हिंदुस्थानात आला.

साल १८७५. रेजिमेंटचा मुक्काम जबलपूरला आणि पावसाळा सुरू झालेला. त्या काळी आपला यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा आणि वऱ्हाडचा कारभार इंग्रज बघायचे. मध्य भारतातला पाऊस कसा असतो हे काही वेगळं सांगायला नको. परेड बंद, शिकार बंद, पोलो बंद. तरुण अधिकाऱ्यांना दिवसभर मेसमध्ये बसून राहण्याशिवाय पर्याय नव्हता. वेळ घालवायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे बिलियर्ड्सचं टेबल.

पण अडचण अशी की बिलियर्ड्स हा तीन चेंडूंचा खेळ. मुख्यतः दोघांनी खेळायचा आणि बाकीच्यांनी बघत बसायचं. म्हणून मग टोळक्याने खेळायचे दुसरे प्रकार चालायचे.

एक होता पिरॅमिड. १५ लाल चेंडू त्रिकोणात मांडायचे आणि पांढऱ्या चेंडूने एकेक खिशात घालायचा. प्रत्येक चेंडूला ठरलेले पैसे. दुसरा होता लाइफ पूल. यात प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या रंगाचा आणि प्रत्येकाला तीन जीव. दुसऱ्याचा चेंडू खिशात घातला की त्याचा एक जीव गेला आणि त्याने पैसे मोजायचे. तिसऱ्या प्रकारात एक काळा चेंडू जास्तीचा असायचा, त्याला ब्लॅक पूल म्हणत.

तिन्ही खेळांत गंमत होती, पण प्रत्येकात काहीतरी कमी होतं. पिरॅमिडमध्ये सगळे चेंडू सारख्याच किमतीचे, त्यामुळे कुठला मारायचा याचा फार विचारच नको. जो जवळ तो मारा. लाइफ पूलमध्ये तीन जीव गेले की बाहेर बसा.

चेंबरलेनच्या डोक्यात आलं की काळा एकच का? बाकीचे रंगीत चेंडूही टेबलवर टाकले तर?

बघा, त्याने नवं काहीच बनवलं नाही. टेबल तेच, काठी तीच. लाल चेंडू पिरॅमिडमधून घेतले आणि रंगीत चेंडू पूलच्या संचातून. सुरुवातीला १५ लालांसोबत पिवळा, हिरवा, गुलाबी आणि काळा एवढेच होते. निळा आणि तपकिरी नंतर आले. बदलली ती फक्त चेंडूंची किंमत आणि ते मारायचा क्रम.

आजच्या नियमांनुसार लाल चेंडूला १ पॉइंट. पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७. पण काळ्यावर थेट उडी मारता येत नाही. आधी एक लाल घालायचा, मग एक रंगीत, मग परत लाल. लाल गेला तो गेला, रंगीत मात्र परत जागेवर ठेवला जातो. लाल संपले की रंगीत चेंडू लहान किमतीपासून मोठ्या किमतीपर्यंत ओळीने घालायचे.

आता खेळाडूपुढे प्रश्न उभा राहतो. समोर सोपा पिवळा आहे, त्याचे २ मिळतील. लांब अवघड काळा आहे, त्याचे ७ मिळतील. चुकलो तर समोरच्याला टेबल मोकळं. शिवाय या फटक्यानंतर पांढरा चेंडू कुठे थांबेल? तिथून पुढचा लाल दिसेल का? म्हणजे एक फटका मारताना पुढच्या दोन-तीन फटक्यांचा हिशोब आला. कॅरममध्ये क्वीन घेण्याआधी आपण कव्हरची सोंगटी शोधतो ना, अगदी तसंच.

आणि खरी मेख तर पुढे आहे. मारायला सोपं काहीच नसेल, तर पांढरा चेंडू मुद्दाम दुसऱ्या चेंडूच्या आड लपवून ठेवायचा. समोरच्याला जो चेंडू मारायचा आहे तो सरळ दिसतच नाही. त्याचा फटका चुकला की फाउल आणि फाउलचे किमान ४ पॉइंट आपल्याला. समजा टेबलवर निळा, गुलाबी आणि काळा एवढेच उरलेत. एकूण १८ पॉइंट. तुम्ही २० ने मागे आहात. साध्या हिशोबाने खेळ संपला. पण समोरच्याला निळ्यावर अडकवून एक फाउल करायला लावला, तर ५ पॉइंट मिळतात. आता मागे १५ ने आणि टेबलवर १८. हरलेला डाव परत जिवंत!

पण या खेळाला स्नूकर हे नाव कसं पडलं?

तर झालं असं की एकदा वुलविचच्या लष्करी अकादमीत शिकलेला एक तरुण तोफखाना अधिकारी मेसमध्ये जेवायला आला. गप्पांच्या ओघात त्याने सांगितलं की त्यांच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांना स्नूकर म्हणतात. स्नूकर म्हणजे नवखा. आपल्या भाषेत सांगायचं तर कच्चा लिंबू. थोड्या वेळाने खेळताना एकाचा अगदी सोपा चेंडू चुकला. चेंबरलेनने त्याला लगेच स्नूकर म्हणून चिडवलं. मग त्या बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून पुढे जोडलं की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. हे नाव सगळ्यांना आवडलं आणि खेळाला ते कायमचं चिकटलं. चेंबरलेनने म्हातारपणी सांगितलेला किस्सा हा असा आहे.

चेंबरलेनचं पुढचं आयुष्य मात्र खेळात गेलं नाही, ते गेलं फौजेत. तो सेंट्रल इंडिया हॉर्स या घोडदळात गेला. दुसऱ्या अफगाण युद्धात तो फ्रेडरिक रॉबर्ट्स या सेनापतीसोबत होता आणि कंदाहारच्या लढाईत जखमीही झाला. १८८१ मध्ये रॉबर्ट्स मद्रास फौजेचा प्रमुख झाला, तेव्हा चेंबरलेनही त्याच्यासोबत दक्षिणेत गेला. मद्रासचे साहेब लोक उन्हाळ्यात उटीला असायचे. तिथल्या क्लबमध्ये हा खेळ रुजला, नियम लिहून काढले गेले आणि बिलियर्ड्सच्या खोलीत लावले गेले. जबलपूरमध्ये जन्मलेला खेळ उटीत कागदावर आला. म्हणूनच आजही स्नूकरचं जन्मगाव कोणतं यावर जबलपूर आणि उटी अशी दोन नावं ऐकू येतात.

पुढचा टप्पा कलकत्त्याचा. १८८५ मध्ये इंग्लंडचा नावाजलेला बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स ज्युनियर हिंदुस्थानात आला होता. कूचबिहारच्या महाराजांसोबतच्या जेवणाच्या वेळी त्याची आणि चेंबरलेनची गाठ पडली. रॉबर्ट्सने नियम समजून घेतले आणि खेळ इंग्लंडला पोचला.

खेळ पोचला, पण बनवणाऱ्याचं नाव मागेच राहिलं.

चेंबरलेन आपल्या नोकरीत गुंतला होता. १८९० पासून तो काश्मीर संस्थानात लष्करी सचिव होता. मग दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तो पुन्हा रॉबर्ट्सच्या हाताखाली गेला. १९०० मध्ये त्याला आयर्लंडच्या पोलीस दलाचा प्रमुख नेमलं गेलं. तिथे तो तब्बल १६ वर्षं होता.

आयर्लंडमध्येही तेव्हा आपल्यासारखीच स्वातंत्र्याची चळवळ पेटली होती आणि चेंबरलेनचं पोलीस दल ती दाबण्याच्या कामावर होतं. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनला ईस्टरचा उठाव झाला. तो मोडून काढला गेला, पण सरकार गाफील राहिलंच कसं याची चौकशी लागली. चौकशीचे अध्यक्ष होते लॉर्ड हार्डिंग्ज. होय, तेच. दिल्लीत १९१२ मध्ये ज्यांच्या हत्तीवर बॉम्ब पडला होता ते व्हॉइसरॉय. आयोगाने चेंबरलेनच्या दलावर दोष ठेवला नाही, तरी त्याच वर्षी त्याने पद सोडलं.

इकडे त्याचा खेळ मात्र वेगाने वाढत होता. १९१६ मध्येच इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूंची पहिली स्नूकर स्पर्धा झाली. १९२७ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि जो डेव्हिस विजेता ठरला. पुढे १९४६ पर्यंत त्याने हे विजेतेपद १५ वेळा पटकावलं. खेळ असा घरोघरी पोचला, पण तो आला कुठून हे कोणालाच धड माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं वुलविचच्या अकादमीतून आला, कोणी आणखी कुणाचं नाव घ्यायचं.

अखेर मार्च १९३८ मध्ये ८२ वर्षांच्या चेंबरलेनने द फील्ड या नियतकालिकाला पत्र लिहिलं. हा खेळ आपण १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये सुरू केला, असं त्याने त्यात सांगितलं. तब्बल ६३ वर्षांनंतर केलेला दावा! कोण विश्वास ठेवणार? पण त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याच्या बाजूने लिहिलं. १९३९ मध्ये कॉम्प्टन मॅकेन्झी या प्रसिद्ध लेखकाने बिलियर्ड्सच्या मासिकात लेख लिहून हीच बाजू मांडली आणि तेव्हापासून स्नूकरचा जनक म्हणून चेंबरलेनचं नाव मान्य झालं.

गंमत बघा, त्या काळात नेव्हिल चेंबरलेन हे नाव रोज पेपरच्या पहिल्या पानावर असायचं. पण ते पंतप्रधानांचं.

२८ मे १९४४ ला चेंबरलेन इंग्लंडमध्ये वारला. टीव्हीवर स्नूकर बघणं काही त्याच्या नशिबात नव्हतं. १९६९ मध्ये बीबीसीला रंगीत टीव्हीचं आकर्षण दाखवायला एखादा खेळ हवा होता. ज्यात रंगच महत्त्वाचे असा खेळ म्हणून त्यांनी स्नूकर निवडला आणि तो प्रचंड गाजला.

आणि हिंदुस्थानात जन्मलेल्या या खेळात आपली पोरं मागे राहतील होय? ओम अग्रवालने १९८४ मध्ये हौशी जागतिक स्नूकर विजेतेपद भारतात आणलं. स्नूकर आणि बिलियर्ड्स मिळून २५ हून जास्त जागतिक किताब जिंकणारा पंकज अडवाणी तर जन्माने पुणेकर.

चेंबरलेनकडून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. घरात नवा खेळ बनवायला नवं सामान लागत नाही, पॉइंट नीट ठरवावे लागतात. उद्या अंगणात बाटल्या मांडून चेंडूने पाडायचा खेळ खेळलात, तर एवढंच करून बघा. सहा लहान बाटल्या, प्रत्येकी १ पॉइंट. लांब तीन मोठ्या बाटल्या, २, ३ आणि ५ पॉइंटच्या. मोठीवर नेम धरण्याआधी एक लहान पाडायलाच हवी. मोठी पडली की परत उभी करायची. चुकीची पडली तर समोरच्याला २ पॉइंट.

मग बघा, ज्याचा नेम सगळ्यात भारी तोच जिंकेल याची खात्री राहणार नाही. आजोबा मोजून एकेक लहान बाटली पाडत बसतील आणि ५ च्या मागे धावणारा बंट्या हरेल. आणि तो हरला की त्याला काय म्हणून चिडवायचं, हे तर आता तुम्हाला माहीतच आहे!