विश्लेषण : जुन्या देवांना परत आणू पाहणारा रोमन सम्राट ज्युलियन का हरला?

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाल्यावर ज्युपिटर, अपोलो या जुन्या देवांचे काय झाले? ते एका रात्रीत गेले नाहीत. एका सम्राटाने तर त्यांना सिंहासनावरून परत आणण्याचा प्रयत्न केला. त्याचे नाव ज्युलियन.

दहा वर्षे लपवलेली श्रद्धा

ज्युलियन हा सम्राट कॉन्स्टँटिनचा पुतण्या. ३३७ मध्ये कॉन्स्टँटिन वारला आणि सैनिकांनी राजघराण्यातल्या अनेकांची कत्तल केली. त्यात ज्युलियनचे वडीलही गेले. तो तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. या कत्तलीमागे आपला चुलतभाऊ, नवा सम्राट कॉन्स्टँटियस होता, असे तो पुढे कायम मानत राहिला. त्याच चुलतभावाच्या देखरेखीत तो ख्रिस्ती म्हणून वाढला. मात्र मार्डोनियस या शिक्षकाने त्याला होमरच्या काव्याची गोडी लावली होती. विसाव्या वर्षी त्याने मनोमन ख्रिस्ती धर्म सोडला आणि पुढची दहा वर्षे चर्चमध्ये जात राहिला. सावत्र भाऊ गॅलसला ३५४ मध्ये देहदंड झाला होता, त्यामुळे ही सावधगिरी समजण्यासारखी आहे.

३५५ मध्ये त्याला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात पाठवले गेले. तिथे पुस्तकी समजला जाणारा हा तरुण उत्तम सेनापती निघाला. ३६० मध्ये पॅरिसमध्ये सैनिकांनी त्याला सम्राट घोषित केले. युद्ध व्हायच्या आतच, नोव्हेंबर ३६१ मध्ये कॉन्स्टँटियस वारला.

देवळे उघडली, पण भाविक?

ज्युलियनने देवळे उघडली, बळी पुन्हा सुरू केले. ख्रिस्ती लोकांची सरसकट कत्तल त्याने केली नाही, पण ख्रिस्ती शिक्षकांना होमर वगैरे शिकवायला बंदी घातली. हा निर्णय त्याचा चाहता आणि स्वतः जुन्या धर्माचा असलेला इतिहासकार अमियानस यालाही पटला नाही.

खरा धक्का बसला अँटिऑकमध्ये (आजचे तुर्कस्तानातले अंताक्या). ३६२ मध्ये शहराजवळच्या डाफ्नी इथे अपोलोचा वार्षिक उत्सव होता. ज्युलियन मोठ्या उत्साहाने पोहोचला. मिरवणूक, बळीचे पशू, धूप असे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर होते. प्रत्यक्षात पुजाऱ्याने स्वतःच्या घरून आणलेला एक हंस तेवढा होता. शहराने काहीच दिले नव्हते. ज्युलियनने हे स्वतःच लिहून ठेवले आहे, बऱ्याच कडवटपणे. अँटिऑकच्या लोकांना नाटके, शर्यती हव्या होत्या. दाढीवाल्या सम्राटाचे रोजचे पशुबळी त्यांच्या थट्टेचा विषय झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते देऊळ जळाले.

चर्चची ताकद कशात आहे, हे मात्र त्याने अचूक ओळखले होते. गरिबांना धान्य, प्रवाशांसाठी धर्मशाळा आणि पुजाऱ्यांना शिस्त, असे सगळे त्याने चर्चकडूनच उचलले. व्यवस्था वरून बसवता येते. ती वापरणारी माणसे तयार व्हायला पिढ्या लागतात, आणि त्याच्या हाती वीसेक महिने होते. २६ जून ३६३ रोजी पर्शियाच्या मोहिमेत भाल्याच्या जखमेने तो मरण पावला. पुढचा सम्राट जोव्हियन ख्रिस्ती होता.

मग जुने देव कुठे टिकले?

बळी देण्यावर ३९१ मध्ये कडक बंदी आली. तरीही रोममध्ये लुपरकॅलियाचा उत्सव पाचव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालू होता. पोप गेलेशियस यांना त्याविरुद्ध लिहावे लागले. ग्रीसच्या दक्षिण टोकाला मानी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. एका बायझंटाइन सम्राटाच्या नोंदीनुसार, तिथले लोक नवव्या शतकापर्यंत जुनेच देव पूजत होते.