त्या धूनमागचा माणूस

सकाळी आकाशवाणीचं केंद्र सुरू व्हायच्या आधी तंबोरा नि व्हायोलिनची ती धून वाजायची. आमच्या पंढरपुरात काकड आरती आटोपून आलेल्या बायका तिच्यावरच वेळ ठरवायच्या. धून वाजली की बंब पेटवायचा!

ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, १९३६ च्या सुमारास. सूर शिवरंजनीचे. व्हायोलिनवर मेहली मेहता होते असं सांगतात, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील.

कॉफमन ज्यू. जन्म १९०७ चा, आजच्या चेक देशातल्या कार्ल्सबाड गावचा. प्रागला संगीतावर प्रबंध लिहून झाला, तेव्हा कळलं की मार्गदर्शक प्राध्यापक नाझींचे. त्या माणसाकडून पदवी नको, म्हणून त्यांनी डॉक्टरेटच सोडली. नावापुढं डॉक्टर लावायला लोक काय काय करतात, आणि इथं हातातली सोडली!

१९३३ ला हिटलर सत्तेवर आला. १९३४ ला कॉफमन मुंबईत उतरले. का? तर व्हिसा सहज मिळत होता. इथल्या संगीताच्या तबकड्या ऐकल्या, पण काही म्हणता काही कळेना. दुसरा कुणी नाकं मुरडून परतला असता. त्यांनी मात्र विचार केला, की लाखो माणसांना हे गाणं प्रिय आहे, तेव्हा उणं माझ्यातच असणार. मग राहिले आणि शिकले. पुढं मुंबई आकाशवाणीवर १९४६ पर्यंत पाश्चात्त्य संगीताचं काम त्यांनी पाहिलं.

मला मात्र त्यांची पहिली बायको गेर्टी आठवत राहते. प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्काची ही भाची. हिची आई एली म्हणजे काफ्काची सख्खी बहीण. एलीला १९४१ मध्ये जर्मनांनी पोलंडमधल्या लोड्झच्या ज्यू वस्तीत नेलं. ती परत आली नाही. दोघी मावश्याही तशाच मारल्या गेल्या. गेर्टी वाचली. आम्ही पंढरीलाच माहेर म्हणणारी माणसं. पण आई नाही, मावश्या नाहीत, अशा माहेराला त्या लेकीनं काय म्हणायचं?

कॉफमन पुढं कॅनडाला गेले. विनिपेगच्या वाद्यवृंदाचं संचालन केलं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं. पहिल्या दिवशी ज्यातलं काहीच हाती लागलं नव्हतं, त्याच उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली निघाला. १९८४ ला ते तिकडेच वारले.