फर्नांडो सोर : मायदेश दुरावलेला गिटारगुरू

गिटार शिकणाऱ्यांना आज साधनांची वाण नाही. तारा सुरात लावून देणारे ॲप, मेट्रोनोम, चित्रफितींतील धडे हे सारे मोबाइलमध्ये सामावले आहे. तरीही अभिजात गिटारचा विद्यार्थी पहिल्या काही वर्षांतच ज्या स्वरलेखनाकडे वळतो, ते सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. त्याचे कर्ते फर्नांडो सोर.

स्पेनमधील बार्सिलोना येथे १७७८ साली सोर यांचा जन्म झाला. माँसेरात येथील मठाच्या संगीतशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १७९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांचा ऑपेरा बार्सिलोनाच्या रंगमंचावर आला. गिटारकडे तेव्हा मुख्यतः गाण्याच्या साथीचे वाद्य म्हणून पाहिले जाई. त्या सहा तारांवर अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी नांदू शकतात, हे सोर यांनी सिद्ध केले.

१८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या. सोर यांनी आरंभी देशभक्तिपर गीते रचली. पुढे मात्र फ्रेंच राजवटीत पद स्वीकारले. १८१३ मध्ये फ्रेंच माघारी गेले, तेव्हा अशा माणसांवर फितुरीचा शिक्का बसला. सोर यांनी देश सोडला. पुन्हा मायभूमीचे दर्शन त्यांना घडले नाही.

पॅरिस, लंडन आणि रशिया असा त्यांचा प्रवास झाला. सिंड्रेलाच्या कथेवरील त्यांचा बॅले लंडन व पॅरिसमध्ये गाजला. १८२५ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहाच्या उद्घाटनालाही तोच सादर झाला. पुढे पॅरिसला परतून त्यांनी उर्वरित आयुष्य मुख्यतः गिटारसाठी वेचले.

१८३० मध्ये त्यांचा गिटारवादनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ नियम न सांगता त्यामागील कारण सांगणे, हे त्याचे वैशिष्ट्य. वाद्य स्थिर राहावे म्हणून ते मेजाच्या कडेला टेकवावे, उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे यांवरच मुख्य भिस्त ठेवावी, तार नखाने न छेडता बोटाच्या अग्राने छेडावी, असे त्यांचे मत होते. त्यांचे स्नेही दियोनिसिओ आग्वादो मात्र नखाने वाजवीत. हा मतभेद मैत्रीच्या आड आला नाही. दोघांनी एकत्र वाजवण्यासाठी सोर यांनी युगुलवादनाची रचनाही केली. आग्वादो यांनी गिटार पेलण्यासाठी तिवई तयार केली, तेव्हा तिच्यासाठीही सोर यांनी एक रचना लिहिली.

नवशिक्यांसाठी त्यांनी सोप्याकडून कठिणाकडे नेणारे पाठ रचले. चोविसांचे दोन संच आणि अखेरच्या काळातील पंचविसांचा एक संच, असा हा ठेवा आहे. पाठ छोटा, पण प्रत्येक पाठ स्वतंत्र संगीतकृती. म्हणूनच सराव रुक्ष होत नाही.

१८३७ मध्ये त्यांची कन्या वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी प्रार्थनासंगीत रचले. कर्करोगाने जर्जर झालेले सोर १० जुलै १८३९ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले.

त्यांचे ऑपेरा आणि बॅले आज क्वचितच ऐकू येतात. पाठ मात्र टिकले. १९४५ मध्ये आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्यांतील वीस निवडून प्रसिद्ध केले. स्वामित्वहक्काची मुदत संपल्याने मूळ संच आयएमएसएलपी या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. गोव्यातील एखाद्या मुलाने आज संध्याकाळी ते उघडले, तर एवढेच करावे : एक पाठ निवडावा, तो संथ लयीत वाजवावा आणि प्रत्येक बोट तेथेच का ठेवायचे, हे स्वतःला विचारावे. सोर यांची शिकवण हीच होती.