रंग उडालेली गिटार

आयर्लंडमध्ये जुन्या रेकॉर्ड आणि सीडी विकणाऱ्या दुकानांत एक कोपरा स्वस्त मालाचा असतो. तिथं रोरी गॅलहरच्या सुरुवातीच्या गाण्यांचा एखादा संग्रह चार-पाच युरोंत मिळून जातो. आपल्याकडून इथं नव्यानं आलेल्यांना हे नाव सहसा ठाऊक नसतं. पण कॉर्कमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे, डब्लिनच्या टेम्पल बार भागात भिंतीवर त्याची ब्राँझची गिटार आहे आणि बॅलिशॅनन गावात पुतळा. हा माणूस होता तरी कोण?

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ चा, डोनेगॉल परगण्यातल्या बॅलिशॅननचा. वडील तिथल्या जलविद्युत प्रकल्पावर कामाला होते आणि अकॉर्डियन वाजवायचे, आई गायची. पुढे हे कुटुंब डेरीला गेलं. नंतर आई रोरीला आणि धाकट्या डोनलला घेऊन आपल्या माहेरी, कॉर्कला आली. नवव्या वर्षी हातात आलेली गिटार पोरगा आपली आपणच शिकला.

१९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्यानं कॉर्कच्या क्रॉलीज दुकानातून एक सेकंडहँड स्ट्रॅटोकॅस्टर हप्त्यांवर घेतली. किंमत सुमारे १०० पौंड. त्या काळात ही रक्कम म्हणजे घरात वादळच! ताल आणि सूर दोन्ही याच गिटारवर वाजवता येतील, दुसरा वादक लागणार नाही, अशी त्यानं आईची समजूत घातली. हप्ते फेडायला तो शोबँडमध्ये वाजवू लागला. पुढे ही गिटार डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका चरात पडलेली सापडली. घामानं तिचा रंग उडत गेला आणि आतलं लाकूड दिसू लागलं, पण त्यानं ती कधी नव्यानं रंगवली नाही की बदलली नाही.

१९६६ मध्ये त्यानं ‘टेस्ट’ नावाचा बँड काढला. १९७० च्या आइल ऑफ वाइट महोत्सवात या तिघांनी मैदान मारलं. मात्र आतून कुरबुरी चालू होत्या, व्यवस्थापकाशी पैशांचे वाद होते. ते वर्ष सरता सरता बँड फुटला. बाविशीतला रोरी नाव असूनही जवळजवळ रिकाम्या हातानं उभा होता.

स्वस्त संग्रहातली गाणी इथून सुरू होतात. बेलफास्टच्या एका बँडमधले गेरी मॅकअव्हॉय आणि विल्गर कॅम्पबेल यांना सोबत घेऊन त्यानं १९७१ या एकाच वर्षात दोन अल्बम काढले, ‘रोरी गॅलहर’ आणि ‘ड्यूस’. पहिल्यातलं ‘आय फॉल अपार्ट’ हळुवार सुरू होतं आणि शेवटी गिटार अक्षरशः उसळते. ‘ड्यूस’ मध्ये मैफलीची ऊब यावी म्हणून रेकॉर्डिंग झटपट उरकलं. १९७५ मध्ये त्यानं पॉलिडॉर कंपनी सोडली, तेव्हा कंपनीनं जुन्या गाण्यांचे ‘सिनर अँड सेंट’, ‘द स्टोरी सो फार’ असे संग्रह बाजारात आणले.

यात एक गंमत आहे. असे संग्रह बहुधा गाजलेल्या सिंगल्सचे असतात, पण रोरीला सिंगल काढणं मान्यच नव्हतं. रेडिओसाठी गाणं कापून छोटं करायला तो तयार नसे. त्यामुळे निवड कंपनीची, आवाज मात्र त्याचा. ओळख करून घ्यायला हे पुरेसं आहे, पण नंतर अख्खे अल्बम ऐकावेत.

१९७५ च्या सुरुवातीला रोलिंग स्टोन्सनं त्याला वाजवून बघायला रॉटरडॅमला बोलावलं होतं. काही रात्री तो त्यांच्यासोबत वाजवून आला. पण जपानचा दौरा आधीच ठरलेला होता, तो मोडायचा नाही म्हणून निघाला. दिलेला शब्द मोठा!

त्याची कारकीर्द लंडनच्या बळावर उभी राहिली, तरी तो मायदेशी वाजवायला येतच राहिला. बॉम्बस्फोटांच्या भीतीनं बहुतेक कलाकार बेलफास्ट टाळत होते, त्या काळातही तो तिथं वाजवत होता. एका सभागृहात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मुलं शेजारी शेजारी बसायची. १९७४ च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कमध्ये झालेल्या मैफलींतून ‘आयरिश टूर ७४’ हा अल्बम तयार झाला. परदेशात नाव कमावणारे पुष्कळ असतात, पण घर अडचणीत असताना तिथं जाऊन उभे राहणारे थोडे.

उतारवय त्याला लाभलंच नाही. विमानप्रवासाची भीती घालवायला घेतलेली औषधं आणि जोडीला दारू, यानं यकृत निकामी झालं. प्रत्यारोपणानंतर संसर्ग होऊन १४ जून १९९५ ला लंडनमध्ये तो गेला. वय अवघं ४७. लग्न नाही, मूलबाळ नाही. डोनलनं त्याला कॉर्कजवळ बॅलिन्कॉलिगला आणून निरोप दिला आणि त्याचं संगीत पुढे जपलं.

२०२४ मध्ये त्या गिटारचा लंडनमध्ये लिलाव झाला. हप्त्यांवर घेतलेल्या त्या लाकडाला शुल्कासह जवळपास नऊ लाख पौंड मिळाले. घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. म्हणजे तीही घरीच परतली.