परमुलखातला शेतीमास्तर

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पीककर्जाचे अर्ज भरून घेताना मला एक गोष्ट कळली. भात-नागली पिकवणाऱ्याला पैशाइतकीच जाणत्या माणसाच्या सोबतीची गरज असते. हे फार आधी ओळखले ते डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी. वर्ध्यात जन्मलेला हा तरुण स्वातंत्र्याच्या ध्यासाने अमेरिकेत पोहोचला. तिथे शेतीशास्त्र शिकला आणि गदर चळवळीतही उतरला.

पहिल्या महायुद्धात सशस्त्र उठावाचे स्वप्न विरले, मायदेशाची वाट बंद झाली. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत आले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी मोठे संशोधन केले, पण प्रयोगशाळेतच रमले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतीशाळा उभारल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली गेले. ज्यांच्यासाठी घर सोडले, त्या आपल्या माणसांना मात्र ते फारसे ठाऊक नव्हते.

आजही मुरबाडच्या शेतात एखादा कोवळा कृषी पदवीधर दिसला की मला खानखोजे आठवतात. पदवीने नोकरी मिळते. चिखलात उतरायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.